‘चार्ज’ या एका शब्दाचं मराठीत काय काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या एका बंद पडलेल्या फाउंड्रीची, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्याची, कर्जवसुलीची फाइल इंग्रजीतून मराठीत करायची आहे. त्यात ‘द बँक होल्ड्स अ फर्स्ट चार्ज ऑन द प्लांट अँड मशिनरी’, ‘फिक्स्ड चार्जेस रिमेन अनपेड’, ‘द स्टोअरकीपर वॉज चार्ज्ड विथ द कस्टडी ऑफ स्टॉक’, ‘चार्ज मटेरियल लाइंग इन द यार्ड’, ‘द स्टोअरकीपर वॉज लेटर डिस्चार्ज्ड’ आणि शेवटी ‘टू बी सोल्ड फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ अशी वाक्यं आहेत. शब्दकोशात अर्थांची रांग लागली आहे. ती पाठ करावी का, की यातून जायची दुसरी वाट आहे?

पाठ करू नका. पाठ केलेली यादी ऐन वेळी चुकीचा अर्थ हातात देते, कारण यादीला समोरचा कागद कुठून आलाय ते कळत नाही. कोर्टाची, बँकांची आणि महसुलाची कागदपत्रं दोन्ही दिशांनी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगते, ‘चार्ज’ हा शब्द वाटतो तितका पसरट नाही. त्याच्या तळाशी एकच क्रिया आहे, लादणे. कुणी, काय आणि कशावर लादलं एवढं वाक्यातून शोधून काढलं की अर्थ आपोआप उभा राहतो. मग उरतो मराठी शब्द, आणि तो त्या कागदाच्या मूळ टेबलावर आधीच ठरलेला असतो. आपण तो फक्त आणायचा असतो, घडवायचा नसतो.

मुळापासून पाहू. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. तो शब्दही मूळचा गॉल लोकांचा, रोमनांनी तो उचलला. त्यावरून पुढे ‘कारिकारे’ आलं, म्हणजे गाडीत माल भरणे. जुन्या फ्रेंचमधून तेच क्रियापद इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन उतरलं. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही सगळी त्याच घरची भावंडं. ‘कॅरिकेचर’सुद्धा इटालियन ‘कारिकारे’वरून आलेलं, चित्रातल्या चेहऱ्यावर जास्तीचा भार घालणं. आजच्या फ्रेंचमध्येही हे क्रियापद ट्रकमध्ये सामान भरण्यासाठी वापरतात. इंग्रजीत मात्र गाडी मागे पडली आणि लादणं तेवढं उरलं.

तुमच्या फाइलमधलं ‘चार्ज मटेरियल’ या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे, आणि नवखा अनुवादक नेमका तिथेच अडखळतो. फाउंड्रीत भट्टीत जे भरतात तो चार्ज. कोकवर चालणारी क्युपोला भट्टी असेल तर कोक, चुनखडी, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगार यांचे थर वरून टाकतात. विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी असेल तर भंगार, पिग आयर्न आणि लागतील ती मिश्रद्रव्यं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भट्टीवर काम करणारा माणूस याला ‘चार्ज’च म्हणतो, आणि ‘चार्ज टाकला का?’ असंच विचारतो. तेव्हा इथे ‘भट्टीत भरायचा कच्चा माल (चार्ज)’ असं एकदा लिहा आणि पुढे ‘चार्ज’ ठेवा. ‘प्रभारित सामग्री’ असलं काही लिहू नका. ते वाचून कारखान्यातल्या माणसाला कळणार नाही आणि न्यायाधीशांनाही.

बंदुकीचं आणि सुरुंगाचंही तसंच. बंदुकीत जेवढी दारू भरायची तेवढा तिचा चार्ज. मराठीत आपण बंदूक ‘भरतो’, सुरुंग ‘ठासतो’. या बंदुकीवरूनच शब्द विजेकडे गेला. १७४५-४६मध्ये लायडेन बरणी आली आणि काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली. दारू भरावी तशी वीज भरली, म्हणून बरणी ‘चार्ज’ झाली, आणि ठिणगी पडून रिकामी झाली की ‘डिस्चार्ज’. बेंजामिन फ्रँकलिन यांनी एकत्र जोडलेल्या अशा बरण्यांना ‘बॅटरी’ म्हटलं. तोही तोफखान्याचा शब्द, तोफांच्या तुकडीसाठीचा.

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत विद्युत चार्जला ‘विद्युतप्रभार’ म्हणतात, धनप्रभार आणि ऋणप्रभार. पण मोबाइल ‘प्रभारित करणे’ असं कुणी म्हणत नाही. आपण तो चार्जिंगला लावतो. यात भाषेचा आळस नाही, कारण या दोन मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या फोनच्या बॅटरीवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं. म्हणजे ५००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास, म्हणजे १८,००० कूलोम (कूलोम हे प्रभार मोजायचं एकक). एवढा प्रभार ती बॅटरी बाहेरच्या मंडलातून फिरवू शकते. पण पूर्ण चार्ज झालेली बॅटरी भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ‘प्रभारित’ नसतेच. एका टोकानं जितका प्रभार बाहेर पडतो तितकाच दुसऱ्या टोकानं आत येतो, एकूण बेरीज शून्य. साठते ती रासायनिक ऊर्जा. म्हणून विज्ञानाच्या धड्यात ‘प्रभार’ आणि फोनच्या माहितीपत्रकात ‘चार्ज’ हेच बरोबर. इथे दोन्हीकडे एकच मराठी शब्द वापरायचा हट्ट धरला तर मजकूर चुकीचा होतो.

आता बोजा. तुमच्या फाइलचं मुख्य काम इथे आहे आणि मराठीची खरी श्रीमंतीही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १००मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे. एकाची स्थावर मिळकत दुसऱ्याला द्यायच्या पैशासाठी तारण ठरते, पण तो व्यवहार गहाणाचा नसतो, तेव्हा त्या मिळकतीवर चार्ज निर्माण झाला असं म्हणतात. गहाणात मिळकतीतला काही हितसंबंध घेणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये तसं काही जात नाही. मिळकत मालकाचीच राहते, फक्त तिच्यावर वजन बसतं. हा चार्ज नेहमी करार करूनच बसतो असंही नाही. घर विकलं, ताबा दिला, पण खरेदीची काही रक्कम यायची राहिली, तर त्या रकमेसाठी विकणाऱ्याचा चार्ज त्या घरावर कायद्यानेच बसतो. त्याच कायद्याच्या कलम ५५मध्ये ते आहे.

याला आपल्या गावांत शतकानुशतकं रुळलेला शब्द म्हणजे ‘बोजा’. सातबारा उघडा. ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा लिहिलेला दिसेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ४८प्रमाणे सभासद शेतकरी कर्ज घेताना आपल्या जमिनीवर संस्थेचा चार्ज राहील असं लिहून देतो. गावात त्या नोंदीला ‘इकरार’ म्हणतात. कर्ज घेतलं की ‘बोजा चढवतात’. फेडलं की बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार मंजूर झाला की ‘बोजा उतरतो’ किंवा कागदावरच्या भाषेत ‘बोजा कमी होतो’. आता ई-हक्क प्रणालीवरूनही बोजा चढवण्या-उतरवण्याचा अर्ज करता येतो. चढवणे आणि उतरवणे ही क्रियापदं लक्षात घ्या. लॅटिन ‘कारिकारे’मध्ये जे चित्र आहे तेच आपल्या महसुली भाषेत जसंच्या तसं आहे. हे कुणी भाषांतर करून आणलेलं नाही. कर्ज म्हणजे वजन, ही जाण दोन्हीकडे आपापली आली.

म्हणून ‘फर्स्ट चार्ज ऑन द प्लांट अँड मशिनरी’ याला मी ‘यंत्रसामग्रीवर बँकेचा पहिला बोजा’ असं लिहीन. ‘पहिला’ म्हणजे विक्रीतून येणाऱ्या पैशावर बँकेचा हक्क पहिला. हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. मात्र मूळ करारपत्र नीट पाहा. यंत्रं कारखानदाराच्याच ताब्यात ठेवून त्यांच्यावर तारण दिलं असेल तर तो व्यवहार हायपोथिकेशनचा आहे, आणि त्याला बँकेच्या भाषेत ‘नजरगहाण’ हा नेमका शब्द आहे. माल गोदामात बँकेच्या कुलपाखाली असेल तर तो ‘प्लेज’, म्हणजे माल प्रत्यक्ष बँकेच्या ताब्यात दिलेलं तारण. ‘बोजा’ हा या सगळ्यांवरचा मोठा शब्द. कंपनीच्या बाबतीत कंपनी कायदा, २०१३मध्ये तर ‘चार्ज’च्या व्याख्येत गहाणही येतं. तिथे चार्जची नोंद रजिस्ट्रारकडे साधारणपणे ३० दिवसांत करायची असते, आणि कर्ज फिटल्यावर ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ कळवायचं असतं. याचं ‘प्रभाराचे समाधान’ असं झालेलं मी पाहिलं आहे. कृपा करून तसं करू नका. बोजा फिटतो, त्याचं समाधान होत नाही.

तुमच्या फाइलमधल्या ‘फिक्स्ड चार्जेस’वर तर मी लाल खूण करून ठेवीन, कारण हाच शब्द त्याच फाइलमध्ये दोन वेगळ्या अर्थांनी येऊ शकतो. कर्जाच्या करारपत्रात ‘फिक्स्ड चार्ज’ म्हणजे ठरावीक मिळकतीवर बसलेला बोजा, ही जमीन, हा शेड, हे अमुक क्रमांकाचं यंत्र. त्याच्या जोडीला ‘फ्लोटिंग चार्ज’ असतो. तो रोज बदलणाऱ्या मालावर असतो, आज जो माल यार्डात आहे त्यावर. कर्ज थकून बँकेनं पाऊल उचललं की तो त्या क्षणी जो माल असेल त्यावर घट्ट बसतो. पण ‘फिक्स्ड चार्जेस रिमेन अनपेड’ असं वाक्य असेल, आणि आजूबाजूला वीज कंपनीचं नाव असेल, तर तो बोजा नाही. तो ‘स्थिर आकार’. एक साधी खूण सांगते. बोजा ‘अनपेड’ नसतो. थकतं ते कर्ज, बोजा नुसता बसलेला असतो. थकणारी गोष्ट आकार आहे.

महावितरणचं बिल हातात घेतलंत तर हा ‘आकार’ शब्द किती नीट बसवलेला आहे ते कळेल. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि मग ‘वीज शुल्क’. इतर सगळे आकार कंपनीचे, आणि शेवटचं शुल्क सरकारचं. इंग्रजीत ते ‘चार्ज’ नाही, ‘ड्यूटी’ आहे. बिलाच्या मराठीत हा फरक पाळला आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. हाच ‘आकार’ सातबाऱ्यावरही आहे, तिथे तो जमिनीच्या सरकारी साऱ्याचा. म्हणजे एकाच सातबाऱ्यावर सरकार लादतं तो आकार आणि बँक लादते तो बोजा. इंग्रजीनं जे एका शब्दात कोंबलं ते आपल्या महसुली मराठीनं दोन रकान्यांत वेगळं ठेवलं.

पैशाच्या बाकीच्या छटा पटकन सांगते. ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणजे सेवा आकार किंवा सेवाशुल्क. त्याला सेवाकर म्हणू नका, कर सरकार घेतं. ‘सरचार्ज’ म्हणजे अधिभार. ‘ओव्हरचार्ज’ म्हणजे जादा आकारणी. ‘चार्जेबल टू टॅक्स’ म्हणजे करपात्र. आयकर कायद्यात चौथ्या कलमाचं शीर्षकच ‘चार्ज ऑफ इन्कम टॅक्स’ आहे, तिथे कर बसवणं हा अर्थ. दुकानदार ‘चार्ज लावतो’, डॉक्टर ‘फी घेतात’, रिक्षावाला ‘भाडं घेतो’. इंग्रजी वाक्यात या तिघांनाही ‘चार्ज’ असेल, म्हणून मराठीत तिघांनाही ‘आकारणे’ लिहायचं नाही.

कोर्टाचा ‘चार्ज’ हा जोखमीचा भाग आहे, कारण इथे चूक झाली तर माणसाच्या नावाला डाग लागतो. वर्तमानपत्रं आरोप, आरोपपत्र, आरोपनिश्चिती हे शब्द भराभर वापरतात आणि वाचकाला वाटतं सगळं एकच. प्रत्यक्षात पायऱ्या आहेत. फिर्यादीत कुणीतरी आरोप करतो. पोलीस तपास करून कोर्टात अहवाल देतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३मध्ये आणि आता १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३मध्ये त्याला ‘पोलीस अहवाल’ असं नाव आहे, आणि बोलीत ‘चार्जशीट’ म्हणजे दोषारोपपत्र. मग न्यायाधीश ते कागद वाचतात आणि खटला चालवण्याइतका आधार आहे असं वाटलं तर स्वतः ‘चार्ज फ्रेम’ करतात. कायद्याच्या मराठीत हा खरा ‘दोषारोप’. म्हणजे पोलिसांनी दिलेली चार्जशीट आणि कोर्टानं ठेवलेला चार्ज यांच्यामध्ये एक न्यायाधीश बसलेला असतो. ‘ही हॅज बीन चार्ज्ड’ असं वाक्य आलं की तारखा पाहा आणि कुठल्या पायरीचं आहे ते ठरवा. ‘त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झाले’ आणि ‘न्यायालयाने त्याच्यावर दोषारोप ठेवला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

तुमचा स्टोअरकीपर मात्र यात नाही. ‘चार्ज्ड विथ द कस्टडी ऑफ स्टॉक’ म्हणजे मालाची जबाबदारी त्याच्यावर सोपवली होती. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप. दोन्हीकडे ‘विथ’ आहे, म्हणून गोंधळ होतो. ‘विथ’ फक्त एवढंच सांगतं की पुढे येणारी गोष्ट लादलेली आहे. ती गोष्ट गुन्हा असेल तर आरोप, काम असेल तर जबाबदारी, वीज असेल तर प्रभार, भावना असेल तर भारलेलं वातावरण. बाकीची शब्दयोगी अव्ययं अधिक सरळ आहेत. ‘चार्ज फॉर’ म्हणजे अमुक गोष्टीचे पैसे, ‘चार्ज टू’ म्हणजे अमुकाच्या खात्यावर टाकणं, ‘चार्ज ऑन’ म्हणजे मिळकतीवरचा बोजा, ‘चार्ज ॲट’ म्हणजे अंगावर धावून जाणं. आणि ‘चार्ज्ड अंडर सेक्शन अमुक’ ही आपल्या कोर्टांची खास सवय, कलमाखाली दोषारोप.

एकाच निकालपत्रात दोन ‘चार्ज’ कसे नांदतात याचं उत्तम उदाहरण मुंबईचंच आहे, नानावटी खटला. नौदलाचे कमांडर के. एम. नानावटी यांच्या हातून २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ आणि कलम ३०४ भाग १खाली दोषारोप होता. हा पहिला चार्ज. सत्र न्यायालयात ज्युरी, म्हणजे कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, होती, आणि तिनं ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे वाद झाला तो ‘मिसडायरेक्शन्स इन द चार्ज’चा. हा दुसरा चार्ज. खटल्याच्या अखेरीस न्यायाधीश ज्युरीला पुरावा उलगडून सांगतात, कायदा सांगतात आणि निर्णयाची जबाबदारी तिच्यावर टाकतात, त्या भाषणाला ‘चार्ज टू द ज्युरी’ म्हणतात. त्या मार्गदर्शनात चुका राहिल्या होत्या असा निष्कर्ष निघाला, उच्च न्यायालयानं नानावटींना दोषी ठरवून शिक्षा दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा कायम ठेवली. आता ‘मिसडायरेक्शन्स इन द चार्ज’चं ‘दोषारोपातील चुका’ असं भाषांतर केलं तर सगळा निकाल उलटा वाचला जाईल. दोषारोप चुकला म्हणजे आरोपीच्या बाजूचा मुद्दा होतो. इथे मार्गदर्शन चुकलं होतं, आणि तो मुद्दा ज्युरीचा कौल बाजूला ठेवण्यासाठी वापरला गेला. आपल्याकडून ज्युरी गेली, म्हणून हा अर्थ नव्या वकिलांनाही आठवत नाही. जुने निकाल हाती आले तर लक्ष असू द्या.

कचेरीतला ‘चार्ज’ आपण इतका आपला केला आहे की त्यावर फार बोलायला नको. बदली झाली की चार्ज द्यायचा, नव्यानं चार्ज घ्यायचा. कागदावर ‘पदभार’ किंवा ‘कार्यभार’, जोडीला ‘अतिरिक्त कार्यभार’, आणि कायमचा माणूस येईपर्यंत ‘प्रभारी’. राजदूत नसताना दूतावास सांभाळतो तो ‘शार्जे दाफेर’. तोच फ्रेंच शब्द, कामांचा भार वाहणारा, म्हणून आपण त्याला प्रभारी राजदूत म्हणतो. एक बारीक फरक मात्र जरूर पाहा. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या देखरेखीखाली. ‘इन द चार्ज ऑफ द नर्स’ असं मुलाबद्दल म्हटलं तरी तेच. मधल्या एका ‘द’नं कोण सांभाळतंय आणि कुणाला सांभाळलं जातंय ते उलटतं. जुन्या इंग्रजी कागदांत त्या मुलालाच ‘हर चार्ज’ म्हटलेलं असतं, तिच्यावर सोपवलेलं मूल. आणि जुन्या पोलीस कागदांत ‘गिव्हन इन चार्ज’ म्हणजे पोलिसांच्या हवाली केलं. तिथे पदभाराचा काही संबंध नाही.

हल्ल्याचा अर्थ तुमच्या फाइलमध्ये येणार नाही, तरी सांगते. भाला रोखून, घोड्याचं सगळं वजन मागे घेऊन शत्रूवर पडणं, असा तो अर्थ पोचला. १८५४च्या २५ ऑक्टोबरला बालाक्लाव्हाच्या लढाईत ब्रिटिशांच्या लाइट ब्रिगेडनं रशियन तोफांवर केलेली ती घोडदळाची चाल यातली सर्वांत प्रसिद्ध. मराठीत घोडदळ ‘चाल करून जातं’, गवा ‘अंगावर येतो’, फलंदाज ‘पुढे सरसावतो’, आणि पोलीस ‘लाठीमार’ करतात.

‘डिस्चार्ज’ म्हणजे लादलेलं उतरवणं. इथेही काय उतरलं ते पाहायचं. दवाखान्यातून घरी सोडलं. धरणातून पाणी सोडलं तर ‘विसर्ग’, खडकवासल्यातून मुठेत इतके क्युसेक विसर्ग, असं पावसाळ्यात रोज वाचतो. जखमेतून येतो तो ‘स्राव’. ‘इन डिस्चार्ज ऑफ हिज ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य बजावताना, आणि इथे अनेकजण फसतात, कारण ‘कर्तव्यातून मुक्त’ असं लिहिलं की अर्थ बरोबर उलटा होतो. कर्तव्याचं ओझं मुक्कामी नेऊन उतरवलं, म्हणजे ते पार पाडलं. सरकारी नोकराला कामात अडथळा आणल्याचं कलम, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ३५३ आणि आता भारतीय न्याय संहितेचं १३२, याच शब्दांवर उभं आहे. ‘रिचार्ज’चंही बघा. मोबाइलचा रिचार्ज तसाच राहिला, पण भूजलाचा ‘पुनर्भरण’ झाला, आणि विहीर पुनर्भरण हा शब्द आता शेतकऱ्यांच्या तोंडी सहज आहे. चांगला शब्द वेळेत मिळाला तर रुळतो.

तुमच्या स्टोअरकीपरचं ‘डिस्चार्ज्ड’ मात्र वाक्यावरून ठरणार नाही, मागची पानं वाचावी लागतील. त्याच्यावर पोलीस केस झाली होती का? झाली असेल आणि कोर्टानं दोषारोप ठेवण्याआधीच सोडलं असेल, सत्र न्यायालयात जुन्या कलम २२७ किंवा नव्या २५०खाली, तर कायद्याच्या मराठीत ‘विनादोषारोप सोडले’. याला ‘निर्दोष मुक्तता’ लिहू नका. निर्दोष मुक्तता खटला चालून होते, आणि मग त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्जला ते संरक्षण नाही, पुढे नवा पुरावा आला तर पुन्हा दार उघडू शकतं. एका शब्दानं त्या माणसाची कायद्यातली स्थिती बदलते. केसच झाली नसेल आणि कारखान्यानं कामावरून काढलं असेल तर ‘कामावरून कमी केले’. बडतर्फ म्हणजे ‘डिसमिस्ड’, ते वेगळं, त्यात ठपका असतो.

राहिलं शेवटचं, ‘टू बी सोल्ड फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’. ‘फ्री ऑफ चार्ज’ म्हणजे विनामूल्य, ‘रिलीज्ड विदाउट चार्ज’ म्हणजे आरोप न ठेवता सोडलं, आणि खरेदीखतातलं किंवा लिलावाच्या अटींतलं ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ म्हणजे मिळकतीवर कुणाचाही बोजा शिल्लक नाही. खरेदीखतांची ठरलेली भाषा वापरा, ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित विकण्यात येईल’. पण लिहिण्यापूर्वी लिलावाची जाहिरात वाचा. वीज कंपनीची थकबाकी, नगरपालिकेचा कर किंवा कामगारांची देणी घेणाऱ्यावर ठेवली असतील तर त्याच कागदात पुढे ‘ॲज इज व्हेअर इज’ अशी अट सापडेल, म्हणजे मिळकत जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. तेव्हा ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध जाताहेत असं वकिलांना कळवा, आणि दोन्ही मराठीत जशीच्या तशी ठेवा. तो विरोध मिटवणं अनुवादकाचं काम नाही.